मागे पडता का?

“बरोबरीच्या माणसांबरोबर चालताना मागे पडता का?” डॉक्टरांनी विचारलं.

“छे. कधीच नाही,” धाकटा म्हणाला.

डॉक्टरांनी खात्री करून घ्यायला माझ्याकडे पाहिलं. मी त्याची मोठी बहीण, सोबत म्हणून गेले होते. मीही मान हलवली. आम्ही दोघंही खरं तेच सांगत होतो.

“जिने चढताना दम लागतो?”

“आम्ही तळमजल्यावर राहतो. माझं वर्कशॉपही तळमजल्यावर. चष्म्याच्या काचा घासतो मी, दिवसभर स्टुलावर बसून. तुमची डावी काच थोडी तिरकी बसलीय, बरं का. कोणी बसवली?”

डॉक्टरांचा हात नकळत चष्म्याकडे गेला. त्या माझ्यापेक्षा लहान असाव्यात. जन्मतः हृदयात दोष घेऊन आलेली आणि मोठी झालेली माणसं, तेवढीच त्या तपासत. “रात्री दम लागून जाग येते का?” त्यांनी पुढचा प्रश्न विचारला.

“मला सकाळी जाग येते हाच आमच्या घरात चमत्कार मानतात.”

त्या हसल्या आणि त्यांनी संगणकावर टाइप केलं. मी बसले होते तिथून पडदा दिसत होता. त्रास नाही, एवढेच दोन शब्द होते.

धाकट्याचं वय छत्तीस. त्याच्या वर्कशॉपच्या नव्या मालकाने सगळ्या कामगारांची तपासणी करून घेतली, तेव्हा तिथल्या डॉक्टरने त्याच्या छातीवर नळी जरा जास्तच वेळ ठेवली. त्यानंतर सोनोग्राफी झाली, मग त्या मोठ्या बोगद्यासारख्या यंत्रात पडून फोटो झाले, आणि आता आम्ही इथे आलो होतो. बत्तीस वर्षांनी प्रथमच.

डॉक्टरांनी कागदावर हृदय काढलं. “तुम्ही चार वर्षांचे असताना ऑपरेशन झालं. भोक बुजवलं, ते छान बुजलंय. फुफ्फुसाकडे जाणारी वाट अरुंद होती, ती मोकळी करायला वाटेतली झडप कापून तिथे ठिगळ लावलं. तेव्हा तसंच करत, आणि त्यामुळेच तुम्ही जगलात. पण झडप उरली नाही. उजवा कप्पा दर ठोक्याला रक्त पुढे ढकलतो, त्यातलं जवळजवळ निम्मं परत मागे येतं. तो कप्पा बत्तीस वर्षं दुप्पट काम करतोय. त्यामुळे तो मोठा झालाय.”

“किती?” मी विचारलं.

“एकशे अठ्ठेचाळीस मिलिलिटर, शरीराच्या मापाच्या हिशेबात. तुमच्या भावाचा शंभरच्या आत असायला हवा होता. दीडशे-एकशे साठच्या पुढे गेला की आम्ही नवी झडप बसवतो. त्रास सुरू झाला असेल तर आकड्याची वाट बघत नाही, लगेच बसवतो. यांना त्रास नाही. म्हणजे वर्षभराने पुन्हा बघू. पट्ट्यावर चालवून चाचणी घेतो आम्ही, पण तिला मोठी रांग आहे. तीही तेव्हाच करू.”

“आणि उशीर झाला तर?”

“फार ताणला गेलेला कप्पा झडप बसवूनही पूर्वीसारखा होत नाही. आणि ठोक्यांची लय बिघडते. कधीकधी एकदम. म्हणून तर मी एवढे प्रश्न विचारते.”

धाकटा उठला. “चला ताई. वर्षभराची सुट्टी मिळाली.”

बसथांब्यापर्यंत आम्ही गप्पा मारत गेलो. वाटेत माझ्या चपलेत खडा गेला म्हणून आम्ही एकदा थांबलो.

*

मी पाणीपुरवठ्याच्या मीटर तपासणी विभागात काम करते. घरोघरचे मीटर काढून आणतात, आम्ही ते ओळीने बाकावर जोडतो, मोजलेलं शंभर लिटर पाणी त्यांतून सोडतो आणि कोणता किती दाखवतो ते बघतो. जुना मीटर कमी दाखवतो. आतली चकती झिजलेली असते. घरच्या माणसाला ते कधीच कळत नाही, कारण त्याच्याकडे तो एकच मीटर असतो.

फाटकापासून आमच्या शेडपर्यंत सहाशे चाळीस मीटर अंतर आहे. एरवी गाडी नेते. दवाखान्यात जाऊन आल्याला चार दिवस झाले असतील, गाडी बंद होती, म्हणून मी आणि आमचा फिटर चालत निघालो. हा फिटर पन्नाशीचा, पोट सुटलेला, दिवसातून दहा वेळा चहा पिणारा.

थोडं अंतर गेल्यावर तो म्हणाला, “मॅडम, कोणी मागून यायचंय का?”

“नाही. का?”

“नाही, वाटलं कोणाची तरी वाट बघत चाललोय आपण.”

“मी अशीच चालते.”

“ते आम्हाला माहीत आहे हो. एखादी गोगलगाय तुमच्यामागून आली ना, तर हॉर्न देईल. पायाला काही झालंय का लहानपणी?”

“नाही.”

“मग?”

मी उत्तर शोधत होते आणि शोधता शोधता माझ्या लक्षात आलं की आम्ही डॉक्टरांना चुकीचं सांगितलं आहे. मी थांबले नाही. मला काही वाटलंही नाही. उन्हात लोखंडी पाइपांची रास होती, तिच्या बाजूने आम्ही पुढे गेलो. शेडमध्ये गेल्यावर मी बाकावर आठ मीटर जोडले आणि पाणी सोडलं.

*

धाकटा जन्मला तेव्हा मी सहा वर्षांची होते. रडला की त्याचे ओठ शाई चाटल्यासारखे निळे व्हायचे. चालायला लागल्यावर चार पावलं टाकून तो उकिडवा बसायचा. त्याला तसं कोणी शिकवलं नव्हतं. उकिडवं बसलं की पायांकडे जाणाऱ्या रक्ताची वाट अडते आणि फुफ्फुसांकडे थोडं जास्त रक्त वळतं, हे मी पंधरा वर्षांनी पुस्तकात वाचलं. त्याला ते दीड वर्षाचा असतानाच कळलं होतं.

पोटातल्या बाळाचं हृदय आधी एक साधी नळी असते. तिच्या मधोमध पडदा उभा राहतो आणि तिच्या दोन वाटा होतात. त्याचा पडदा जरासा एका बाजूला सरकून उभा राहिला. बाकीचं सगळं, भोक, अरुंद वाट, निळे ओठ, ओघाने आलं. हे सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत होऊन गेलेलं असतं. म्हणजे आईला दिवस गेल्याची नीट खात्री पटेपर्यंत सगळं ठरून गेलं होतं. आईला मी हे कितीदा तरी सांगितलं आहे. तरी ती कधी कधी विचारते, सातव्या महिन्यात मी ते कपाट सरकवलं, त्यामुळे तर नसेल?

ऑपरेशननंतर सर्जन बाबांना म्हणाले होते, “मुलगा बरा झाला. आता हे सगळं विसरून जा.” बाबा साहेबांचा शब्द म्हणजे लेखी हुकूम मानणारे. त्यांनी घरी येऊन सगळे कागद फाडले, एक्स-रे टाकून दिले. त्यानंतर आमच्या घरात हृदय हा शब्द कोणी काढला नाही. मुलगा बरा होता.

पण पाय विसरले नव्हते. पहिल्या वर्षी त्याला खरंच दम लागायचा, आणि “तू बस, दमला असशील” असं म्हणायची तर बंदी. म्हणून बाबा बुटाची लेस बांधायला वाकत. आई पर्समध्ये किल्ली शोधायची. माझ्या चपलेत खडा जायचा. असं करायचं हे कधी कोणी ठरवलं नव्हतं, आणि आम्ही तिघंही त्याबद्दल कधी एकमेकांशी बोललो नाही. तोवर धाकट्याचा श्वास खाली बसायचा आणि तो म्हणायचा, “चला की, किती वेळ लावता!”

मग काही वर्षं तो खरोखरच धावत होता. अंगणात, गल्लीत, शाळेत. आमचं थांबणं कमी झालं. ते पुन्हा कधी सुरू झालं ते मला सांगता येणार नाही. विशीच्या शेवटी असावं. गल्लीत एकदा, मग गल्लीत दोनदा. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात. हे मुंगीच्या पावलांनी येत होतं, आणि आम्ही सगळे त्याच्या शेजारून त्याच चालीने चाललो होतो. बाबा गेले तेव्हा तो तिशीचा होता. त्यांच्या वाट्याचं थांबणं आई आणि मी वाटून घेतलं.

*

फिटरला मी फाटकापासून शेडपर्यंत त्याच्या नेहमीच्या चालीने चालायला सांगितलं आणि घड्याळ लावलं. पावणेआठ मिनिटं. मग मी एकटी चालले. साडेबारा. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं. बारा मिनिटं चाळीस सेकंद.

“मॅडम, शर्यत लावायची असेल तर निदान तोडीस तोड माणूस शोधा,” फिटर म्हणाला. “माझं नाव खराब होतं.”

पुढचे सहा दिवस मी जेवणाच्या सुट्टीत त्याच्या बरोबरीने चालायचा सराव केला. श्वासाला काही त्रास नव्हता, पण पायांना ते जमत नव्हतं. ते शंभर-सव्वाशे मीटरवर आपोआप मंद व्हायचे आणि मान मागे वळायची. सातव्या दिवशी मी पावणेआठ मिनिटांत शेडपर्यंत पोचले. नाडी शहाण्णव. म्हणजे ती संथ चाल माझी नव्हती.

त्या रात्री जेवताना मी धाकट्याला सरळच सांगितलं. “डॉक्टरांना आपण चुकीचं उत्तर दिलं. तू मागे पडतोस.”

“मी? कोणाच्या मागे? तुझ्या?” त्याने घास तसाच धरून ठेवला. “अगं, तुला तर मीच ओढत नेत असतो! आई, ऐकलंस का? कासव सशाला म्हणतंय, तू हळू चालतोस.”

“मी मोजलंय.”

“तू तुझे मीटर मोज. माझ्यामागे शंभर लिटर लावू नकोस.”

आईने त्याच्या ताटात भाजी वाढली. तो झोपायला गेल्यावर मी भांडी विसळत होते, तेव्हा ती मागे येऊन उभी राहिली.

“हात दाखवून अवलक्षण कशाला करायचं? वर्षाने या म्हणालेत ना त्या?”

“आई, तू त्याच्यासाठी थांबतेस.”

“मी किल्ली शोधते.”

“किल्ली माझ्याकडे असते, आई. अकरा वर्षं झाली.”

तिने ओट्यावरचं फडकं उचललं, घडी केली, मोडली, पुन्हा केली. “चार वर्षांचं होतं ते बाळ. दार बंद होईपर्यंत माझ्याकडे बघत होतं. मी दिलं त्याला त्यांच्या हातात. आता पुन्हा नाही देणार.”

“वर्षभरात त्याचा कप्पा आणखी ताणला जाईल. मग झडप बसवून उपयोग होणार नाही.”

“मग राहू दे तसंच. चालतंय ना?”

“आपण चालवतोय.”

ती आत गेली. मी उरलेली भांडी विसळली. आपण रडायला हवं, असं मनात आलं, पण तो नुसता एक विचार होता, दूध संपलंय तसा.

*

रविवारी आम्ही तिघं पडद्यांचं कापड आणायला निघालो. घरापासून दुकान एक किलोमीटरभर. रस्ता सपाट, कडेला पदपथ. सकाळचे दहा वाजले होते, ऊन नव्हतं.

धाकटा मालकाची नक्कल करत होता. नवा मालक काच उजेडाकडे धरून एक डोळा मिटतो आणि नेमका चांगला डोळा मिटतो. आई हसत होती. मी फिटरच्या चालीने चालायला लागले.

पहिल्या चौकापर्यंत तो बोलत होता. चौक ओलांडल्यावर वाक्यं लहान झाली. टपालपेटीपाशी तो बोलायचा थांबला. मला त्याचा श्वास ऐकू येत होता, आधी शेजारून, मग मागून. मग ऐकू येईना.

“अगं, थांब जरा,” आईने हाक मारली. “किल्ली बघते मी.”

माझ्या पायांना थांबायचं होतं. मी थांबले नाही. पदपथावरच्या फरशा मोजत मी पुढे गेले. पंचेचाळीस, सेहेचाळीस. माझ्या शेजारून एक आजोबा हातात भाजीची पिशवी घेऊन पुढे निघून गेले. दुसऱ्या चौकात मी वळून बघितलं. धाकटा सव्वाशे पावलं मागे होता. एका हाताने त्याने कोणाच्या तरी घराचं कुंपण धरलं होतं. आई त्याच्याजवळ उभी होती. तिची पर्स उघडीच होती.

तो माझ्यापर्यंत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. कपाळावर घाम होता. त्याने बोलायला तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

“काय, गाडी... चुकतेय का तुझी?”

“नाही. मी माझ्या चालीने चालत होते.”

“ही तुझी चाल?”

“सगळ्यांचीच आहे. ते आजोबा बघ.”

त्याने आजोबांकडे पाहिलं. ते पार पुढच्या चौकात पोचले होते. मग त्याने माझ्या पायांकडे पाहिलं, मग आईच्या पर्सकडे. तो बराच वेळ पर्सकडेच बघत होता.

“बाबांची लेस,” तो म्हणाला.

“हो,” मी म्हणाले.

“मला वाटायचं, एवढ्या मोठ्या माणसाला गाठ मारता येत नाही. मला त्यांची दया यायची. पहिला पगार झाला तेव्हा मी त्यांना बिनलेसचे बूट घेऊन दिले. आठवतंय? दोनशे दुकानं फिरलो होतो.”

“मग ते पायमोजा वर ओढायला थांबायला लागले,” मी म्हणाले.

आई एकदम माझ्यावर ओरडली, “काय मिळवलंस हे करून? सांग ना! काय मिळालं तुला?”

रस्त्यावरचे दोघंतिघं वळून बघायला लागले. धाकटा चौकातल्या एका कठड्यावर टेकला. श्वास बसायला त्याला चार मिनिटं वीस सेकंद लागली. मी घड्याळाकडे बघत होते हे त्याने पाहिलं.

“लिहून घे,” तो म्हणाला.

पडद्यांचं कापड आणलं नाही. आम्ही रिक्षाने परत आलो.

*

दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. आईशीही जेवढ्यास तेवढंच. बुधवारी संध्याकाळी वर्कशॉपमधून आला आणि बूट काढता काढता म्हणाला, “उद्या दहा वाजता दवाखान्यात जायचंय. मी फोन केला होता. येणार असशील तर ये.”

डॉक्टरांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला नाही. त्यानेच सांगितलं.

“तुम्ही विचारलं होतं, बरोबरीच्या माणसांच्या मागे पडतो का. मी नाही म्हणालो होतो. तर ते असं झालं, की माझ्या बरोबरीने कोणी कधी चाललंच नव्हतं. सगळे माझ्या चालीने चालत होते. मला कोणी सांगितलं नाही.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

“खरंय,” मी म्हणाले. “आमच्याही लक्षात नव्हतं.” आणि माझ्या वहीतले आकडे त्यांच्यासमोर ठेवले.

त्यांनी ते सावकाश वाचले. फोन करून त्यांनी त्याला त्याच दिवशी चाचणीच्या रांगेत मध्ये घुसवलं. पट्टा कोणासाठी थांबत नाही. सुरुवातीला त्याने तिथल्या तंत्रज्ञ बाईंना एक विनोद सांगितला. तिसऱ्या मिनिटाला पट्ट्याचा वेग आणि चढ वाढला. पाच मिनिटं दहा सेकंदांनी त्याने हात वर केला. त्याच्या वयाची माणसं दहा-अकरा मिनिटं चालतात. शिवाय शेवटच्या मिनिटात काही ठोके वेडेवाकडे पडले होते. कागदावर ते मलाही दिसले.

डॉक्टरांनी संगणकावरचे ते दोन शब्द खोडले आणि त्या जागी चार ओळी लिहिल्या.

“वर्षभर थांबलो तर?” धाकट्याने विचारलं.

“थांबता येईल. पण त्या वर्षात जे जाईल ते परत मिळेल असं मी सांगू शकत नाही.”

“आणि आत्ता केलं तर सगळं परत मिळेल?”

“बरंचसं. सगळं नाही.”

त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. चष्म्याच्या काचा घासून त्याच्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली आहेत. तो त्या बोटांकडे बघत होता.

“करा,” तो म्हणाला.

बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, “ताई, मी तुझ्यावर भयंकर रागावलोय. आईवर तर जास्तच. पण ते मी ऑपरेशन झाल्यावर रागवीन. एका वेळी एकच काम.”

“बरं,” मी म्हणाले.

*

सात आठवड्यांनी त्याला आत नेलं. या वेळी दार बंद होताना त्याने कोणाकडे पाहिलं नाही, तंत्रज्ञाशी बोलत गेला. आई आणि मी निळ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा दर मिनिटाला बावन्नवर क्षणभर अडकत होता. मी ते पाच तास बघितलं. आईने आणलेला डबा उघडला नाही. मला भूक लागली होती. तसं मी तिला सांगितलं नाही.

सर्जन बाहेर आले तेव्हा आई उभी राहिली.

“झडप छान बसली. हृदय आपणहून चालू झालं.”

“म्हणजे मुलगा बरा झाला?”

“आत्तापुरता. ही झडप दहा-पंधरा वर्षं चालेल, मग झिजेल. पुढची बहुतेक पायातल्या शिरेतून घालता येईल, छाती उघडावी लागणार नाही. तोवर दरवर्षी दाखवायचं. दात काढायचा असला तरी आधी आम्हाला विचारायचं.”

आईने कोणी फसवल्यासारखं त्यांच्याकडे पाहिलं. “मागच्या वेळी विसरून जा म्हणाले होते.”

सर्जन तिशी-पस्तिशीतले असतील. “तेव्हा त्यांनाही माहीत नव्हतं, आजी,” ते म्हणाले. “ही मुलं एवढी मोठी होतील आणि मग काय होईल, हे ती मोठी झाल्यावरच कळलं सगळ्यांना.”

*

पाचव्या दिवशी धाकटा उशांना टेकून बसला होता. छातीवर पट्टी, मानेत सुई, ओठ नेहमीच्या रंगाचे. आई फळांचा रस आणायला खाली गेली होती.

“दार लोट,” तो म्हणाला. “आता रागवायचंय मला. पण जोरात बोललं की टाके दुखतात, तेव्हा मी जोरात बोलतोय असं समजून ऐक.”

“बरं.”

“शाळेच्या सहलीला बाबा स्वतः का आले होते? किल्ल्यावरच्या?”

“तुझ्या मागे राहायला. मास्तरांना सांगितलं की त्यांना इतिहासाची आवड आहे.”

“त्यांना अजिबात आवड नव्हती.”

“नव्हती.”

“तळमजल्याचं घर?”

“वरच्या मजल्यावरचं स्वस्त होतं. मोठंही होतं.”

तो खिडकीकडे बघत राहिला. “ती मुलगी आठवते? दोन महिने संध्याकाळची फिरायला यायची माझ्याबरोबर. ती मला म्हणाली होती, तू फार हळू चालतोस. मला वाटलं, ही उथळ आहे, हिला सगळ्याचीच घाई. मी तिला सोडलं, ताई. एवढं एकच माणूस खरं बोललं आणि मी त्यालाच सोडलं.”

बाजूच्या यंत्रावर ठोके जात होते, बहात्तर, चौऱ्याहत्तर, पंचाहत्तर.

“तुम्ही मला एकदा सांगायला हवं होतं. एकदा. मी चिडलो असतो, रडलो असतो, पण दहा वर्षं आधी इथे आलो असतो.”

“हो,” मी म्हणाले. “डॉक्टर म्हणाल्या, दहा वर्षांपूर्वी आला असतास तर कप्पा बहुतेक पुरता मूळ मापावर आला असता. आता एकशे दहा-पंधरापर्यंत येईल असा त्यांचा अंदाज आहे.”

“तुला असं बोलताना काहीच वाटत नाही का गं?”

“मला कळत नाही.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. नंतर बोलला तेव्हा त्याचा आवाज खाली आला होता.

“आणि तू? तू कुठे कुठे थांबलीस? मी रस्त्यातलं विचारत नाहीये.”

मला एक पत्र आठवलं. मी एकोणतीस वर्षांची होते. दुसऱ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेने मला बोलावलं होतं, नद्यांमधल्या गाळावर काम करायला. मी नाही कळवलं. तेव्हा मी सगळ्यांना सांगितलेलं कारण मला शब्दन् शब्द आठवत होतं. ते खरं होतं की नाही, ते आठवत नव्हतं.

“सांग की,” धाकटा म्हणाला. “मला वेळच वेळ आहे.”

मी खुर्ची त्याच्या पलंगाजवळ ओढली आणि ते पत्र कोणत्या दिवशी आलं होतं, तिथून सुरुवात केली.